अधातूंच्या संयुगांची नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन अधातू एकत्र येऊन झालेल्या साध्या संयुगांना नाव कसं द्यायचं, याबद्दल मुलं, पालक आणि नव्यानं शिकवायला लागलेले शिक्षक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. सूत्रं मुद्दाम शब्दांत सांगितली आहेत, ‘एक कार्बन, दोन ऑक्सिजन’ अशी. वहीत तुम्ही ती संज्ञा आणि आकडे वापरून लिहालच. पण तोंडानं अणू मोजायची सवय लागली की नाव आपोआप सुचायला लागतं, हे मी वर्गात अनेकदा पाहिलं आहे.

नियम एका दमात सांगता येईल का?

हो. पहिल्या मूलद्रव्याचं नाव जसंच्या तसं ठेवायचं. दुसऱ्याच्या नावाची शेपटी काढून तिथे ‘आइड’ लावायचं. आणि कोणाचे किती अणू आहेत, ते सांगणारा उपसर्ग नावाच्या आधी जोडायचा. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर त्याला उपसर्ग लावत नाहीत.

एक फॉस्फरस आणि तीन क्लोरीन: फॉस्फरस ट्रायक्लोराइड. क्लोरीन पाच झाले तर फॉस्फरस पेंटाक्लोराइड. दोन नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन: डायनायट्रोजन ट्रायॉक्साइड. एवढंच आहे. बाकीचे सगळे प्रश्न या चार वाक्यांच्या कोपऱ्यांत अडकलेले असतात.

‘आइड’ लावल्यावर नावं कशी बदलतात?

ऑक्सिजनचं ऑक्साइड, सल्फरचं सल्फाइड, नायट्रोजनचं नायट्राइड, फॉस्फरसचं फॉस्फाइड, कार्बनचं कार्बाइड, हायड्रोजनचं हायड्राइड. फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांची फ्लुओराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड. ही दहा नावं तोंडात बसली की शाळेतलं जवळजवळ सगळं काम भागतं.

मोनो, डाय, ट्राय... हे उपसर्ग पाठच होत नाहीत. काही युक्ती?

पाठ करू नका, ओळखा. मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका. आता त्याच्या शेजारी आपले शब्द ठेवा: द्वि, त्रि, चतुर्, पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश. द्वि आणि डाय, त्रि आणि ट्राय, पंच आणि पेंटा, अष्ट आणि ऑक्टा, दश आणि डेका. हे साम्य योगायोगानं आलेलं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे संख्यावाचक शब्दही भावंडंच आहेत. (वरच्या यादीतला ‘नोना’ तेवढा लॅटिनमधून आला, बाकीचे ग्रीक.)

मुलं सर्वांत जास्त गोंधळतात ती हेक्सा आणि हेप्टामध्ये. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ ग्रीकमध्ये बहुधा ‘ह’ झाला. म्हणून सप्त म्हणजे हेप्टा, आणि षट् म्हणजे हेक्सा. सिंधूचं पुढे इराणी भाषांत हिंदू झालं, तोही असाच बदल. ज्याला षट्कोन आणि सप्ताह हे शब्द येतात, त्याला हेक्सा आणि हेप्टा येतातच, फक्त ओळख करून द्यायची राहिलेली असते.

अणूंची संख्या नावात सांगायची गरजच काय? ‘कार्बन ऑक्साइड’ म्हटलं तर काय बिघडलं?

एका वहीत मी हे उत्तर पाहिलं होतं. ‘ज्वलनातून कार्बन ऑक्साइड बाहेर पडतो.’ मुलानं बाकी सगळं बरोबर लिहिलं होतं. त्याला विचारलं, कुठला? तर म्हणाला, तोच, नेहमीचा. खरी अडचण हीच आहे, की नेहमीचे दोन आहेत.

एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो आपल्या प्रत्येक उच्छ्वासात असतो, झाडं त्याच्यावर जगतात, हवेत त्याचं प्रमाण साधारण ०.०४ टक्के आहे. एक कार्बन आणि एकच ऑक्सिजन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की माणसं झोपेतच दगावतात, ती याच्यामुळे. दोघांतला फरक एका अणूचा आहे, आणि तो नावात फक्त ‘मोनो’ आणि ‘डाय’ या दोन छोट्या शब्दांनी सांगितला जातो. म्हणून उपसर्ग ही सजावट आहे असं कृपा करून मुलांना वाटू देऊ नका.

नायट्रोजनच्या बाबतीत तर हे अधिकच जाणवतं. त्याची ऑक्साइडं पाहा:

दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन: डायनायट्रोजन मोनॉक्साइड. हाच लाफिंग गॅस, भूल देताना वापरतात.
एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन: नायट्रोजन मोनॉक्साइड. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती तो स्वतः तयार करतात आणि त्यानं वाहिन्या सैलावतात. या शोधासाठी १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं.
एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन: नायट्रोजन डायऑक्साइड. लालसर तपकिरी, फुप्फुसांना जाळणारा.
दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन: डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. रॉकेटच्या इंधनाला ऑक्सिजन पुरवणारा.

शिवाय दोन-तीनचं आणि दोन-पाचचं वेगळं. एकाच जोडीतून भूल, शरीरातला निरोप्या, विष आणि रॉकेटचं रसायन निघतं. ‘नायट्रोजन ऑक्साइड’ एवढ्यावर यातलं काय ओळखणार?

मग सोडियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड यांना उपसर्ग का नाहीत? कॅल्शियम क्लोराइडमध्ये तर क्लोरीन दोन आहेत.

कारण तिथे पर्यायच नाही. कॅल्शियम दोनच इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एकच घेतो, त्यामुळे एकास दोन हे प्रमाण आपोआप ठरतं. संयुजा, म्हणजे एक अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा भागीदारीत घालतो ती संख्या, माहीत असली की सूत्र कळतं; नावात पुन्हा सांगायची गरज नाही. दुसरं म्हणजे मिठाच्या खड्यात ‘एक सोडियम, एक क्लोरीन’ असा सुटा रेणू सापडतच नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रचना खडाभर पसरलेली असते.

अधातू मात्र इलेक्ट्रॉन देऊन टाकत नाहीत, ते भागीदारी करतात. ही भागीदारी एकाच जोडीत अनेक प्रकारे जमू शकते, म्हणून मोजून सांगावं लागतं.

तेव्हा नाव देण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारा: यात धातू आहे का? असेल तर सहसा उपसर्ग नाही. मँगनीज डायऑक्साइडसारखी काही जुनी नावं या नियमाबाहेर रूढ आहेत, ती तशीच स्वीकारा.

दोघांतलं आधी कोणाचं नाव घ्यायचं?

आवर्तसारणी समोर ठेवा. जो डावीकडे तो आधी: म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड, नायट्रोजन ट्रायफ्लुओराइड. दोघे एकाच उभ्या गणात असतील तर खालचा आधी: सल्फर ऑक्सिजनच्या खाली आहे, म्हणून सल्फर डायऑक्साइड. आयोडीन फ्लुओरीनच्या खाली, म्हणून आयोडीन हेप्टाफ्लुओराइड. मागे हा विचार आहे की इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढणारा शेवटी येतो आणि ‘आइड’ त्याला लागतं.

ऑक्सिजनबद्दल एक अपवाद शाळेत शिकवतात. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ऑक्सिजनच्या उजवीकडच्या गणात असले तरी त्यांच्याबरोबर ऑक्सिजन शेवटी लिहितात: डायक्लोरीन मोनॉक्साइड. फ्लुओरीनपुढे मात्र ऑक्सिजन पहिला होतो: ऑक्सिजन डायफ्लुओराइड. फ्लुओरीनपेक्षा जास्त ओढ कोणाचीच नाही. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आययूपॅकच्या, २००५ च्या शिफारशींत क्लोरीनचा क्रम बदलून ऑक्सिजन डायक्लोराइड असं नाव दिलं आहे. पाठ्यपुस्तकांत अजून जुनंच चालतं, त्यामुळे दोन्ही वाचनात आली तर घाबरू नका.

‘मोनो’ नेमका कधी लावायचा?

पहिल्या मूलद्रव्याला कधीच नाही. दुसऱ्याला, एकच अणू आहे हे सांगणं गरजेचं असेल तेव्हा. व्यवहारात तो प्रामुख्यानं ‘मोनॉक्साइड’मध्येच भेटतो. सिलिकॉन कार्बाइड किंवा हायड्रोजन क्लोराइड म्हणताना कोणी मोनो लावत नाही.

टेट्राऑक्साइड की टेट्रॉक्साइड? पेंटाऑक्साइड की पेंटॉक्साइड?

ही आपली स्वरसंधीच आहे. उपसर्गाच्या शेवटी स्वर, पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला स्वर, बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळतात: मोनो आणि ऑक्साइड मिळून मोनॉक्साइड, टेट्रा आणि ऑक्साइड मिळून टेट्रॉक्साइड. डायऑक्साइडमध्ये मात्र ‘य’ मध्ये येतो आणि दोन्ही शब्द वेगळे ऐकू येतात.

आययूपॅकची सध्याची शिफारस अशी की स्वर गाळू नये, टेट्राऑक्साइड, पेंटाऑक्साइड असं पूर्ण म्हणावं. फक्त मोनॉक्साइड इतकं रुळलं आहे की त्याला सूट दिली आहे. पुस्तकांत आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर दोन्ही रूपं दिसतात. परीक्षेत या कारणानं गुण कापले जाऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. मोजणी बरोबर आहे की नाही, ते पाहावं.

दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन यांना दोननं भाग जातो. मग ‘नायट्रोजन डायऑक्साइड’ म्हटलं तर?

हा या पानावरचा मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे, कारण विचारणारा मुलगा गणितात बरोबर असतो आणि रसायनात चूक. आणि चूक का, ते डोळ्यांनी बघता येतं.

नायट्रोजन डायऑक्साइड भरून दोन्ही बाजूंनी वितळवून बंद केलेली काचेची नळी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दाखवतात. खोलीच्या तापमानाला ती आतून वीटकरी दिसते. तीच नळी बर्फाच्या पाण्यात उभी करा. पाण्याच्या पातळीपासून खाली रंग हळूहळू उतरायला लागतो. थोड्या वेळानं खालचा भाग फिकट पिवळसर, वरचा तसाच तपकिरी, आणि मधे कुठेतरी पुसट सीमारेषा. मग नळी गरम पाण्यात ठेवली की रंग परत येतो, आधीपेक्षा गडद. नळी कुठेही उघडलेली नाही. आत काही घातलं नाही, बाहेर काही आलं नाही.

घडतं असं की थंडीत नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन-दोन रेणू जोडीनं बांधले जातात आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही. उष्णता दिली की जोड्या सुटतात, तपकिरी रेणू पुन्हा मोकळे होतात. दोन्हींत नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण एकास दोनच आहे. प्रमाण तेच, रेणू वेगळे, म्हणून नावंही वेगळी. आपण नाव रेणूला देतो, प्रमाणाला नाही. भाग देऊन सूत्र लहान केलंत, की तुम्ही दुसऱ्याच पदार्थाचं नाव घेता.

सल्फर आणि क्लोरीन यांचंही असंच. दोन सल्फर, दोन क्लोरीन असलेलं डायसल्फर डायक्लोराइड पिवळसर द्रव आहे. दोननं भाग देऊन उरणारं ‘एक सल्फर, एक क्लोरीन’ असं काही बाटलीत मिळत नाही. एक सल्फर आणि दोन क्लोरीनचं सल्फर डायक्लोराइड मात्र मिळतं, आणि ते चेरीसारखं लाल असतं.

एक अपवाद इथेच सांगून टाकतो: वाळूतलं सिलिकॉन डायऑक्साइड. त्यात सुटा रेणू नसतो, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं अखंड जाळं असतं. तिथे नाव नाइलाजानं प्रमाणावरूनच द्यावं लागतं.

मग ‘फॉस्फरस पेंटॉक्साइड’ हे नाव चूक आहे का?

नियमानं पाहिलं तर हो. दोन फॉस्फरस आणि पाच ऑक्सिजन हे प्रमाण आधी कळलं आणि त्यावरून नाव पडलं. खऱ्या रेणूत चार फॉस्फरस आणि दहा ऑक्सिजन असतात, पिंजऱ्यासारखे जोडलेले. म्हणून नीट नाव टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड, किंवा पूर्ण उच्चारात डेकाऑक्साइड. जुनं नाव अजूनही सगळे वापरतात. माझ्या मते मुलांना दोन्ही सांगावीत, आणि का ते जरूर सांगावं, म्हणजे नाव आणि रेणू यांचं नातं पक्कं होतं.

पाण्याला, अमोनियाला हे नियम का लागत नाहीत?

लागतात, वापरत नाही इतकंच. नियमानं पाणी म्हणजे डायहायड्रोजन मोनॉक्साइड. पण नियम जन्मायच्या कितीतरी आधीपासून माणूस पाणी पीत आला आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलानं ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’चे दुष्परिणाम लिहून ५० जणांना दाखवले, त्यातल्या ४३ जणांनी त्याच्यावर बंदी घालावी असं सांगितलं. त्यानं लिहिलेली प्रत्येक गोष्ट खरी होती. नाव वाचून अणू मोजता आले असते, तर एकही जण फसला नसता.

अमोनिया, मिथेन, फॉस्फिन, हायड्राझिन ही नावं तशीच लक्षात ठेवावी लागतात. यांतल्या अमोनिया आणि मिथेनच्या सूत्रात हायड्रोजन शेवटी का, असंही विचारतात. अधातूंच्या ठरलेल्या क्रमात हायड्रोजनची जागा नायट्रोजननंतर आणि सल्फर, ऑक्सिजन यांच्या आधी आहे. म्हणून अमोनियात तो मागे, पाण्यात पुढे.

हायड्रोजन सल्फाइडमध्ये हायड्रोजन दोन आहेत. ‘डाय’ कुठे गेला?

हायड्रोजनची संयुजा एक, सल्फरची इथे दोन, म्हणून नेहमीच्या वापरात तो गाळतात. डायहायड्रोजन सल्फाइड म्हटलंत तर ते चूक नाही.

हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकच ना?

सूत्र तेच लिहितात, अवस्था वेगळी. कोरडा वायू असतो तेव्हा हायड्रोजन क्लोराइड. तोच पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल.

सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट यांत नेहमी गडबड होते.

मराठीत लिहिताना ती जास्तच होते, कारण सल्फाइड आणि सल्फाइट यांत फक्त ‘ड’ आणि ‘ट’चा फरक. फळ्यावरून उतरवताना हमखास चुकतं. शेवटी ‘आइड’ असेल तर त्या मूलद्रव्याबरोबर ऑक्सिजन जोडलेला नाही. ‘आइट’ आणि ‘एट’ असेल तर ऑक्सिजन आहे, ‘एट’मध्ये ‘आइट’पेक्षा जास्त. सल्फाइटमध्ये एका सल्फरला तीन ऑक्सिजन, सल्फेटमध्ये चार. दोन अधातूंच्या साध्या संयुगात शेवट बहुतेक वेळा ‘आइड’च होतो. मुलांकडून ‘ड’ जरा ठासून म्हणवून घ्या.

कर्ब, नत्र, स्फुरद, गंधक हे मराठी शब्द वापरू नयेत का?

अवश्य वापरा. खतांच्या संदर्भात नत्र आणि स्फुरद हेच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, आणि प्राणवायू तर घरोघरी पोचलेला आहे. पण संयुगाचं पद्धतशीर नाव सांगताना कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस हेच घ्या. अर्धं मराठी अर्धं ग्रीक असं ‘गंधक ट्रायॉक्साइड’ वाचणाऱ्याला अडखळवतं.

ही पद्धत कोणी बसवली?

१७८७ मध्ये फ्रान्समध्ये गितों द मॉर्वो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्रुआ या चौघांनी मिळून रसायनांची नावं घटकांवरून द्यायची पद्धत मांडली. त्याआधी नाव ऐकून पदार्थ कशाचा बनला आहे, याचा पत्ता लागत नसे. मात्र नावात आकडा घालायला आधी अणू मोजता यायला हवे होते. ती वाट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डाल्टन यांनी दाखवली. १२ ग्रॅम कार्बनशी एका वायूत १६ ग्रॅम ऑक्सिजन जोडलेला असतो, दुसऱ्यात बरोबर ३२ ग्रॅम, म्हणजे नेमका दुप्पट. मधलं काही नाही. अशी पूर्णांकी पटी म्हणजे अणू एक, दोन असे मोजूनच जोडले जातात याची खूण होती. मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड या दोन नावांत तोच तराजूवरचा हिशेब आहे. पुढे १९१९ मध्ये आययूपॅक स्थापन झाली आणि जगभर एकच पद्धत ठेवायचं काम तिच्याकडे आलं.

नावावरून सूत्र काढायचा सराव कसा करू?

नाव वाचा आणि कागदावर तितके गोल काढा. ‘सल्फर हेक्साफ्लुओराइड’: सल्फरला उपसर्ग नाही म्हणजे एक गोल, हेक्सा म्हणजे सहा फ्लुओरीन. विजेच्या मोठ्या स्विचमध्ये निरोधक म्हणून भरतात तो हा वायू, हवेच्या सुमारे पाचपट जड. सुरुवातीला संयुजेचा विचारही करू नका. अधातूंच्या नावात हिशेब आधीच करून दिलेला असतो. संयुजा लावून सूत्र काढायला जाणारी मुलं इथेच चुकतात.

आता स्वतः करून बघा: कार्बन डायसल्फाइड, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड, झेनॉन टेट्राफ्लुओराइड, टेट्राफॉस्फरस ट्रायसल्फाइड.

उत्तरं क्रमानं: एक कार्बन, दोन सल्फर. दोन नायट्रोजन, पाच ऑक्सिजन. एक झेनॉन, चार फ्लुओरीन. झेनॉन कोणाशीच जुळत नाही असं १९६२ पर्यंत मानलं जात होतं. आणि चार फॉस्फरस, तीन सल्फर, कुठल्याही खरखरीत पृष्ठभागावर ओढली की पेटणाऱ्या काडीच्या टोकावर असतं ते.